गॅलन म्हणजे किती लिटर? उत्तर एक नाही, दोन आहेत!



रील बघताना तुम्हाला एखादा तरी फिटनेसवाला भेटलाच असेल, जो भली मोठी बाटली हातात घेऊन सांगतो, "रोज एक गॅलन पाणी प्या." अमेरिकेतला एखादा मराठी व्लॉगर पेट्रोल पंपावर उभा राहून सांगतो की इथे गॅलनला इतके डॉलर पडतात. आणि घरातल्या आरओ फिल्टरच्या मेम्ब्रेनवर '८० जीपीडी' असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला 'जी' म्हणजेही गॅलनच. शाळेत आपण लिटर आणि मिलीलिटर शिकतो, दूध-तेल लिटरनेच आणतो, पण फोनच्या स्क्रीनवर हा गॅलन सारखा आडवा येत राहतो.

मग आपण फोनला विचारतो, "एक गॅलन म्हणजे किती लिटर?" एक ॲप सांगतं ३.७८५. दुसऱ्या ठिकाणी दिसतं ४.५४६. यातलं खोटं कोण? कोणीच नाही. जगात गॅलन नावाची दोन मापं चालतात आणि दोन्ही अधिकृत आहेत. म्हणूनच नुसतं 'गॅलन' हे उत्तर अर्धवट असतं. 'कुठला गॅलन?' हा प्रश्न विचारल्याशिवाय हिशोब पुढे न्यायचा नाही. आजच्या लेखात मी तुम्हाला हे दोन गॅलन कुठून आले, कुठे भेटतात आणि फोनवर त्यांचं लिटर बिनचूक कसं करायचं, हे सांगणार आहे. चला तर मग, सुरुवात करूया.

गॅलन म्हणजे काय?

गॅलन हे द्रव पदार्थ मोजण्याचं एक एकक आहे. पाणी, दूध, पेट्रोल, रंग, तेल अशा वाहणाऱ्या वस्तू किती जागा व्यापतात, ते गॅलनमध्ये सांगता येतं. जसं आपल्याकडे लिटर, तसं काही देशांत गॅलन.

दोन गॅलन असे आहेत:

• अमेरिकन गॅलन, म्हणजे यूएस गॅलन = ३.७८५ लिटर
• ब्रिटिश गॅलन, म्हणजे इम्पिरियल गॅलन = ४.५४६ लिटर

दोघांत फरक आहे सुमारे ७६० मिलीलिटरचा, म्हणजे पाऊण लिटरची एक बाटली. ब्रिटिश गॅलन अमेरिकन गॅलनपेक्षा साधारण २० टक्क्यांनी मोठा आहे. लक्षात ठेवायला एक सोपी युक्ती सांगतो: ५ ब्रिटिश गॅलन म्हणजे जवळजवळ ६ अमेरिकन गॅलन. दोन्हीकडे साधारण २२.७ लिटर येतात.

गॅलन डोळ्यांसमोर कसा आणायचा?

आकडे पाठ होतात आणि विसरतातही. त्यापेक्षा घरातल्या वस्तू आठवा.

रंगाच्या दुकानात ४ लिटरचा डबा मिळतो. तो काठोकाठ भरलेला समजा आणि त्यातलं एक ग्लासभर, म्हणजे सुमारे २०० मिली काढून टाका. उरलं ते जवळजवळ एक अमेरिकन गॅलन.

आता किराणा दुकानातला खाद्यतेलाचा ५ लिटरचा कॅन घ्या. त्यातलं जवळजवळ अर्धा लिटर तेल काढलं, की उरतो तो एक ब्रिटिश गॅलन.

दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्यांनी मोजायचं असेल, तर अमेरिकन गॅलनमध्ये साडेसात पिशव्या दूध मावतं आणि ब्रिटिश गॅलनमध्ये नऊ पिशव्या. अमेरिकेतल्या दुकानात फ्रिजमध्ये कान असलेले मोठे प्लास्टिकचे दुधाचे कॅन दिसतात ना, त्यातला सगळ्यात मोठा नेहमीचा कॅन एक गॅलनचा असतो.

गॅलनची पिल्लावळ: क्वार्ट, पाइंट, औंस

गॅलन एकटा येत नाही, त्याच्या मागे सगळं कुटुंब येतं. एका गॅलनचे ४ क्वार्ट होतात. क्वार्ट म्हणजे चौथा भाग, आपल्याकडच्या 'पाव'सारखा. एका क्वार्टचे २ पाइंट. म्हणजे गॅलनचे ८ पाइंट. इथपर्यंत अमेरिका आणि ब्रिटन दोघांचं एकमत आहे.

भांडण सुरू होतं ते पाइंटच्या आत. अमेरिकेत एका पाइंटचे १६ औंस करतात, ब्रिटनमध्ये २०. त्यामुळे अमेरिकन गॅलनमध्ये १२८ औंस असतात आणि ब्रिटिश गॅलनमध्ये १६०. आणि गंमत म्हणजे दोघांचा औंससुद्धा अगदी सारखा नाही. अमेरिकन औंस २९.५७ मिलीचा, तर ब्रिटिश औंस २८.४१ मिलीचा आहे.

हे माहीत असलं की ऑनलाइन खरेदी करताना उपयोग होतो. हल्ली ज्याच्या त्याच्या हातात दिसणारे '४० औंस'चे मोठे टम्बलर अमेरिकन मापाचे असतात. ४० गुणिले २९.५७, म्हणजे साधारण १ लिटर १८० मिली. 'हाफ गॅलन' लिहिलेली जिमची बाटली म्हणजे सुमारे १.९ लिटर. नुसत्या फोटोवरून आकार कळत नाही, या गुणाकारावरून कळतो.

एकाच नावाचे दोन गॅलन झाले कसे?

हे समजून घ्यायला आपलीच जुनी मापं आठवा. आपल्याकडे धान्य पायलीने मोजायचे. चार शेरांची एक पायली, हे सगळ्यांना मान्य होतं. पण शेरच गावागणिक वेगळा, त्यामुळे पायलीही वेगळी. नाव एक आणि भांडी निराळी! गॅलनचंही अगदी असंच झालं.

इंग्लंडमध्ये पूर्वी कशाचा गॅलन मोजताय, त्यावर त्याचा आकार ठरायचा. वाइनचा गॅलन २३१ घन इंचांचा होता. एल नावाच्या बिअरचा गॅलन २८२ घन इंचांचा, म्हणजे बराच मोठा. धान्यासाठी आणखी तिसराच गॅलन होता.

यातल्या वाइन गॅलनची व्याख्या राणी ॲनच्या काळात, १७०६ च्या कायद्यात पक्की झाली. ती मला फार आवडते, कारण ती तुम्ही घरी करून बघू शकता. ७ इंच व्यास आणि ६ इंच खोली असलेलं गोल भांडं म्हणजे एक गॅलन. वृत्तचितीचं सूत्र आठवतंय? पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. पायची किंमत २२/७ घ्या, त्रिज्या साडेतीन इंच आणि उंची ६ इंच. उत्तर येतं बरोबर २३१ घन इंच! सेंटीमीटरमध्ये सांगायचं तर साधारण १७.८ सेमी रुंद आणि १५.२ सेमी खोल असं सरळ कडांचं पातेलं. फूटपट्टी घ्या आणि स्वयंपाकघरातली पातेली मोजून बघा, एखादं अमेरिकन गॅलनच्या जवळ जाणारं सापडेलच.

'अमेरिकन' गॅलन का म्हणतोय मी? कारण तेव्हा अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या आणि तिथे हाच वाइन गॅलन चालायचा. १७७६ मध्ये अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं, इंग्रजांना नाकारलं, पण त्यांचं मापाचं भांडं मात्र ठेवून घेतलं. पुढे १८३२ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने २३१ घन इंचांचा हाच गॅलन प्रमाण म्हणून स्वीकारला.

इकडे ब्रिटनला आपल्याच घरातल्या तीन-तीन गॅलनचा कंटाळा आला. १८२४ च्या कायद्याने त्यांनी जुने सगळे गॅलन रद्द केले आणि एक नवा इम्पिरियल गॅलन ठरवला. तो ठरवताना भांड्याची लांबी-रुंदी मोजण्याऐवजी पाण्याचं वजन धरलं. ६२ अंश फॅरनहाइट तापमानाच्या १० पौंड शुद्ध पाण्याला जितकी जागा लागेल, तितका एक गॅलन. १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो. म्हणूनच तो साडेचार लिटरच्या जवळपास येतो.

म्हणजे ब्रिटनने नवा गॅलन आणला तेव्हा अमेरिका वेगळी झालेली होती. तिने जुनाच ठेवला. दोन देश, दोन गॅलन, आणि दोनशे वर्षांनी गोंधळ आपल्या फोनमध्ये!

भारतात गॅलन होता का?

होता की. इंग्रजांच्या राज्यात त्यांचा इम्पिरियल गॅलन इकडेही आला. पेट्रोल गॅलनने मिळायचं आणि शहरांचा पाणीपुरवठाही गॅलनमध्ये मोजायचे.

मुंबईचं उदाहरण घ्या. १८६० मध्ये विहार तलावातून शहराला नळाचं पाणी मिळू लागलं. त्याचा जुना आकडा सांगतात तो रोज ७० लाख गॅलन. आता हा ब्रिटिश गॅलन आहे हे माहीत असेल, तर उत्तर येतं सुमारे ३ कोटी १८ लाख लिटर. कोणी फोनवर नुसतं गॅलन टाकून अमेरिकन मापाने गुणलं, तर येतील २ कोटी ६५ लाख लिटर. एका शहराच्या पाण्यात रोज ५३ लाख लिटरची चूक! आज बातम्यांत तलावांचं पाणी 'दशलक्ष लिटर'मध्ये सांगतात, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. पण प्रोजेक्टसाठी जुनी पुस्तकं चाळाल, तेव्हा सावध राहा.

स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो, मीटर, लिटर आले. आज २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे. त्यामुळे भारतात दुकानदार तुम्हाला गॅलनच्या भावाने दूध किंवा पेट्रोल विकू शकत नाही.

मग आज गॅलन कुठे भेटतो?

१) आरओ फिल्टरमध्ये

'जीपीडी' म्हणजे दिवसाला किती गॅलन. इथला गॅलन अमेरिकन असतो. माझ्या घरच्या मेम्ब्रेनवर ८० जीपीडी आहे. ८० गुणिले ३.७८५, म्हणजे दिवसाला सुमारे ३०३ लिटर. याला २४ ने भागलं की तासाला साडेबारा लिटर. पण हा आकडा ठराविक दाबाला आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यावर मोजलेला असतो. थंडीत पाणी गार असतं, तेव्हा आरओ हळू चालतो. म्हणून डिसेंबरात टाकी उशिरा भरली तर लगेच मेम्ब्रेन खराब झालं असं समजू नका. आधी हा हिशोब करा.

२) पेट्रोलच्या भावात

समजा अमेरिकेत पेट्रोल साडेतीन डॉलर गॅलन आहे आणि एक डॉलर ९० रुपयांचा आहे. ३.५ भागिले ३.७८५, म्हणजे लिटरला सुमारे ९२ सेंट, अंदाजे ८३ रुपये. हेच कोणी ४.५४६ ने भागलं तर ६९ रुपये येतील. 'बघा तिकडे किती स्वस्त' असा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी कुठल्या गॅलनने भागलंय ते बघा. १४ रुपयांचा फरक नुसत्या मापाने पडतो.

३) गाडीच्या ॲव्हरेजमध्ये

आपण विचारतो, "गाडी ॲव्हरेज किती देते?" उत्तर येतं लिटरला अमुक किलोमीटर. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ते 'एमपीजी'मध्ये सांगतात, म्हणजे एका गॅलनमध्ये किती मैल. ब्रिटनमध्ये पेट्रोल लिटरने विकतात, तरीही ॲव्हरेज सांगताना इम्पिरियल गॅलनच वापरतात. त्यामुळे ५० एमपीजी ऐकलं की आधी यूट्यूबर कुठला ते बघा. अमेरिकन असेल तर लिटरला २१.३ किलोमीटर. ब्रिटिश असेल तर १७.७ किलोमीटर. गाडी तीच आणि इंजिन तेच असलं, तरी ब्रिटनचा आकडा मोठा दिसतो, कारण त्यांचा गॅलनच मोठा आहे.

सोपा गुणाकार: अमेरिकन एमपीजीला ०.४२५ ने गुणा, ब्रिटिश एमपीजीला ०.३५४ ने. उत्तर किलोमीटर प्रति लिटर.

४) फिश टँकच्या औषधात

माझ्या मावसभावाने फिश टँक आणला, तेव्हा पाणी शुद्ध करायच्या बाटलीवर लिहिलं होतं, १० गॅलनला ५ मिली. त्याने मला फोन केला, "दादा, माझ्या टँकला किती टाकू?" आम्ही टँक मोजला. ६० सेमी लांब, ३० रुंद, ३० उंच. तिन्ही आकडे गुणून १००० ने भागले, ५४ लिटर आले. बाटलीवर गॅलनच्या शेजारी बारीक अक्षरात ३८ लिटर असंही छापलेलं होतं, म्हणजे अमेरिकन गॅलन पक्का. हिशोब आला सुमारे ७ मिली. ब्रिटिश गॅलन धरला असता तर ६ मिलीपेक्षा थोडं कमीच आलं असतं. आणि उलटं झालं, म्हणजे बाटली ब्रिटिश मापाची आणि आपण धरला अमेरिकन, तर औषध जास्त पडतं. एवढ्याशा टँकमध्ये मासे आपल्या हिशोबावरच जगतात, म्हणून तिथे अंदाजपंचे काम नको.

५) कच्च्या तेलाच्या बातम्यांत

बातम्यांत 'कच्चं तेल प्रति बॅरल' ऐकता ना? एक बॅरल म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण १५९ लिटर. भाव १५९ ने भागला की एका लिटरचा भाव मिळतो.

६) दुबईत

तुमचे कोणी नातेवाईक दुबईत असतील तर त्यांना नक्की विचारा, कारण तिथे दोन्ही गॅलन नांदायचे. घरी येणारा पिण्याच्या पाण्याचा '५ गॅलन'चा जार साधारण १८.९ लिटरचा असतो, म्हणजे गॅलन अमेरिकन. आणि नळाच्या पाण्याचं बिल पूर्वी इम्पिरियल गॅलनमध्ये यायचं. तेव्हा एकाच स्वयंपाकघरात जारचं पाणी एका गॅलनने आणि नळाचं पाणी दुसऱ्या गॅलनने!

'रोज एक गॅलन पाणी' या चॅलेंजचं काय?

ही रील बहुतेक अमेरिकेतून आलेली असते, त्यामुळे गॅलन ३.७८५ लिटरचा. पण खरा मुद्दा वेगळाच आहे. हा आकडा सगळ्यांसाठी नाही. ४० किलोचा शाळकरी मुलगा आणि ९० किलोचा व्यायामपटू यांची पाण्याची गरज सारखी कशी असेल? ऊन, घाम, खेळ यावरही ती बदलते. थोड्या वेळात खूप पाणी पोटात ढकललं तर रक्तातलं सोडियम कमी होतं आणि ते धोक्याचं ठरू शकतं. म्हणून बाटली संपवायची म्हणून पाणी पिऊ नका. तहान लागली की प्या, उन्हात खेळताना थोडं जास्त प्या. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच प्या.

फोनवर गॅलनचं लिटर करताना

पहिली गोष्ट, सर्च करताना नुसतं 'गॅलन' टाइप करू नका. 'यूएस गॅलन' किंवा 'इम्पिरियल गॅलन' असं पूर्ण नाव द्या.

दुसरी गोष्ट, कन्व्हर्टर ॲपमध्ये गॅलन कुठला निवडलाय, ते एककाच्या यादीत उघडून बघा. यादीत दोन्ही असतील तर देशाप्रमाणे निवडा.

तिसरी गोष्ट, यादीत एकच 'गॅलन' असेल तर छोटी परीक्षा घ्या. आकड्याच्या जागी १ टाका. ३.७८५ आलं तर ॲप अमेरिकन गॅलन धरतंय, ४.५४६ आलं तर ब्रिटिश. दहा सेकंदांचं काम आहे. नवीन कन्व्हर्टर उघडला की मी पहिल्यांदा हेच करतो.

चौथी गोष्ट, वस्तूच्या खोक्यावर किंवा लेबलवर गॅलनच्या आसपास लिटरचा आकडा शोधा. बऱ्याचदा तो असतो आणि तो मिळाला की गॅलन कुठला, हे आपोआप कळतं.

आणि नेट नसेल तर? अमेरिकन गॅलनला ४ ने गुणा आणि उत्तरातून साधारण विसावा हिस्सा कमी करा. २० गॅलनचे ८० होतात, त्यातून ४ गेले, ७६ लिटर. खरं उत्तर ७५.७ आहे. ब्रिटिश गॅलनला सरळ साडेचारने गुणा. २० चे ९० होतात, खरं उत्तर ९०.९. तोंडी हिशोबाला एवढं पुरेसं आहे.

नेहमी पडणारे प्रश्न

गॅलन मोठा की लिटर?
गॅलन. कुठलाही गॅलन घेतला तरी तो साडेतीन लिटरपेक्षा मोठाच असतो.

एका गॅलन पाण्याचं वजन किती?
अमेरिकन गॅलन पाणी साधारण ३.८ किलो, ब्रिटिश गॅलन साधारण ४.५ किलो. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून तेलाच्या गॅलनचं वजन कमी भरतं. गॅलन जागा मोजतो, वजन नाही.

परीक्षेत गॅलन विचारला तर कुठला धरायचा?
प्रश्नात किंमत दिलेली असते, तीच वापरा. किंमत दिली नसेल तर उत्तरात 'यूएस गॅलन धरून' असं स्पष्ट लिहा. तपासणाऱ्याला तुमचा हिशोब कळला पाहिजे.

मित्रांनो, माप म्हणजे दोन माणसांनी आपसात ठरवलेली गोष्ट असते. दोघांनी वेगवेगळं ठरवलं असेल, तर आकडा बरोबर असूनही उत्तर चुकतं. त्यामुळे पुढच्या वेळी स्क्रीनवर गॅलन दिसला की कॅल्क्युलेटर उघडायच्या आधी एवढंच विचारा: गॅलन अमेरिकेचा की ब्रिटनचा? आणि घरातल्या आरओवरचा जीपीडीचा आकडा आजच शोधून, तासाला किती लिटर येतात ते आईबाबांना सांगून बघा.